हाय-टेम्प डिसायझिंग एन्झाइम, ३५ किलोचा कॅन: दोन ताऱ्यांचे चार केले

मे महिन्यात या मालाला मी दोन तारे दिले होते. दिले होते म्हणजे सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चहाच्या टपरीवर जो भेटेल त्याला सांगत होतो, "घेऊ नका हो, पाणी विकायलेत." निम्म्या प्रोसेस हाऊसांपर्यंत ते पोचलंही असेल. आता मागे घेतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांची एकदा बदनामी करून झालीय, आता फुकटची जाहिरात नको. कॅनवर 'बॅक्टेरियल अल्फा अमायलेज, हीट स्टेबल' (म्हणजे स्टार्च तोडणारं, उष्णता सोसणारं एन्झाइम) असं लिहिलेलं असतं आणि तसा माल चार-पाच जण विकतात. माझं म्हणणं त्या सगळ्यांना लागू पडेल.

मी डाईंग मास्तर. टर्किश टॉवेल, नॅपकिन, थोडंफार चादरीचं काम. ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: मागावर ताण्याचं सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. आजोबा त्याला पांजणी म्हणायचे, आता सगळे सायझिंग म्हणतात, आणि ती काढण्याला डिसायझिंग. कापड विणून झालं की तीच खळ आमच्या मुळावर उठते. ती पूर्ण निघाली नाही तर टॉवेल पाणी पीत नाही, आणि रंग एका जागी गडद, दुसऱ्या जागी फिका बसतो. पूर्वी पातळ ॲसिडात माल टाकून खळ काढायचे. खळ जायची, पण हात जरा चुकला की सुताची ताकदही जायची. एन्झाइम खळीचे तुकडे करतं आणि कापसाला हात लावत नाही. असं का, हे मी अठ्ठावीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं.

जुना माल साठ-सत्तर अंशांवर चालायचा, तासभर घ्यायचा. हा नवा पंच्याण्णव अंशांवर चालतो. त्या तापमानाला खळ फुगून पार मऊ झालेली असते, त्यामुळे काम वीस-पंचवीस मिनिटांत उरकतं, असं विकणाऱ्याचं म्हणणं. मी विंचवर, म्हणजे कापड पाण्यात फिरवत धुवायच्या-रंगवायच्या मशीनवर, नेव्ही ब्ल्यूचा लॉट लावला. लिटरला एक ग्रॅम एन्झाइम, कापड नीट भिजावं म्हणून नॉन-आयनिक वेटिंग एजंट, पीएच सहाच्या जरा वर, सगळं पत्रकाबरहुकूम. धुऊन झाल्यावर कापडावर आयोडीनचा थेंब टाकला तर निळा डाग. टेगेवाच्या कार्डाशी, म्हणजे डागाच्या रंगावरून खळ किती उरली ते सांगणाऱ्या पट्टीशी, ताडून पाहिलं, चार. नऊ म्हणजे खळ पूर्ण गेली, एक म्हणजे आहे तशी आहे. चारवर रंगाई करायची नसते. पण पार्टीचा गाडीवाला गेटवर उभा होता आणि मी केली. टॉवेलांवर पॅच असे आले, जणू कुणी ओल्या हाताने पुसलेत. तो लॉट पुढे काळ्या रंगात घालावा लागला. त्याचा हिशेब मालकांनी अजून माझ्यासमोर पूर्ण काढलेला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मी विकणाऱ्याला फोन करून नको ते बोललो. तो म्हणाला, शेजारच्या गाळ्यात हाच माल मस्त चालतोय. चौकशी केली तर खरंच चालत होता. तिकडे आठ यायचा. आमच्याकडे चार.

इथे धाकटी लेक कामाला आली. ती मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करतेय. जेवताना मी नेहमीसारखा करवादत होतो. तिने विचारलं, "पप्पा, कॅनवर बॅक्टेरियाचं नाव आहे का?" होतं. बॅसिलस लायकेनिफॉर्मिस. तिने मोबाइलवर प्रोटीन डेटा बँक उघडली. ही जगभरातल्या प्रथिनांच्या रचनांची फुकट पेढी. १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झाली, आज दोन लाखांच्या वर गेलीय. (याला मात्र पाचपैकी पाच तारे. फुकट असून इतकं नीट चालणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.) त्यात आमच्या कॅनमधला गडी चक्क होता.

चित्र बघून मला पहिल्यांदा हसू आलं. मधोमध आठ पट्ट्या गोलात उभ्या, लाकडी पिंपाच्या फळ्यांसारख्या, आणि बाहेरून आठ पिळांचा वेढा. "पिंपातल्या मालात पिंपच की गं," म्हटलं. ती म्हणाली, शास्त्रज्ञही त्याला बॅरलच म्हणतात. ४८३ मण्यांची (मणी म्हणजे अमिनो ॲसिड) एकच माळ अशी दुमडून बसलेली. पिंपाच्या एका बाजूला एक छोटा भाग बाहेर आलेला, आणि पिंप आणि तो भाग यांच्यात एक खाच. खळीची लांब साखळी त्या खाचेत येऊन बसते. तिथे तीन मणी कामाला असतात: २३१, २६१ आणि ३२८ नंबरचे. २६१ वाला एक प्रोटॉन देऊन सांधा सैल करतो, २३१ वाला तुटलेलं टोक क्षणभर स्वतःला जोडून घेतो, मग पाण्याचा एक रेणू येतो आणि त्याला सोडवतो. ३२८ वाला या सगळ्यात साखळी वाकवून धरतो. आमच्याकडे विंचवर तिघं लागतात, तसंच.

हे सगळं कळलं कसं, तर या एन्झाइमचे स्फटिक बनवून त्यांच्यावर एक्स-रे सोडले, आणि पलीकडे जे ठिपके उमटले त्यांच्या गणितावरून अणूंच्या जागा काढल्या. जर्मनीत मॅक्स प्लांक संस्थेतल्या लोकांनी हे काम केलं. त्यातले रॉबर्ट ह्युबर यांना त्याआधीच, १९८८ मध्ये, वेगळ्या प्रथिनाच्या रचनेसाठी नोबेल मिळालं होतं.

कापसाला हात का लागत नाही, तेही तिथेच उमगलं. खळ आणि कापूस दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले. फरक सांध्याचा. खळीचा सांधा अल्फा, कापसाचा बीटा. खळीची साखळी त्यामुळे वळत जाते, कापसाची सरळ ताठ उभी राहते. ती त्या खाचेत बसतच नाही. ॲसिडला हा फरक कळत नाही, ते दिसेल तिथे तोडतं.

आता मुद्द्याचं. लेकीने दोन रचना शेजारी-शेजारी लावल्या. एक १९९५ ची, कॅल्शियम काढून टाकलेली. दुसरी १९९८ ची, कॅल्शियमसकट. दुसऱ्या चित्रात पिंप आणि तो बाहेरचा भाग यांच्यामध्ये तीन गोळे ओळीने बसलेले दिसतात: कॅल्शियम, सोडियम, कॅल्शियम. पहिल्यात ते नाहीत, आणि खाचेजवळचा धागा विस्कटलेला. बीमवरचा ताणा सुटल्यासारखा. म्हणजे धातूचे हे मणी जागेवर असतील तरच खाच नीट घडते, आणि पंच्याण्णव अंशांच्या पाण्यात हा गडी तग धरतो. कॅल्शियम काढून घेतलं की त्याची उष्णता सोसायची ताकद पार ढासळते.

"तुम्ही बाथमध्ये अजून काय काय टाकताय?" तिने विचारलं.

मी गप्प. कारण एप्रिलमध्येच आम्ही सॉफ्टनर प्लांट बसवला होता, जड पाण्यातलं कॅल्शियम काढून टाकणारा. वर मी प्रत्येक बाथमध्ये लिटरला एक ग्रॅम सिक्वेस्टरिंग एजंट घालत होतो, ईडीटीएच्या जातीचा. त्याचं कामच मुळी कॅल्शियम पकडून ठेवायचं. सोलापुरातलं बोअरचं पाणी किती जड, ते घरातल्या गिझरला विचारा. त्या जड पाण्याला मी आयुष्यभर शिव्या दिल्या. शेजारच्या गाळ्यात सॉफ्टनर नव्हता, सिक्वेस्ट्रंट नव्हता, सरळ बोअरचं पाणी होतं. म्हणून तिकडे आठ.

दुसऱ्या दिवशी सिक्वेस्ट्रंट डिसायझिंगच्या बाथमधून काढून ब्लीचिंगला नेला. तिथे त्याची खरंच गरज असते, पाण्यातलं लोह पेरॉक्साइडची वाट लावतं. डिसायझिंगला निम्मं बोअरचं पाणी घेतलं, ॲसेटिक ॲसिड टाकून पीएच जागेवर आणला. एन्झाइम तेच, डोस तोच, त्याच कॅनमधलं. आयोडीनचा थेंब टाकला, फिका तांबूस. कार्डावर आठ. विंचवरचा पोरगा म्हणाला, "मास्तर, दुसरा माल आणला का बे?" आणि मग जीभ चावली.

मला शिकवणारे उस्ताद एन्झाइमच्या बाथमध्ये मूठभर मीठ आणि चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड टाकायचे. आम्ही मागून हसायचो, म्हाताऱ्याला स्वयंपाकघर आठवतंय म्हणून. ते आता नाहीत. त्या तीन गोळ्यांचं चित्र त्यांना दाखवायला हवं होतं.

आता तक्रारी.

पत्रकात ही बाब एका ओळीत, शेवटी, बारीक अक्षरात आहे: 'चिलेटिंग एजंट टाळावेत', म्हणजे तोच सिक्वेस्ट्रंट. इंग्रजीत. विकायला येणारा पोरगा दर वेळी डायरी आणि पेन देतो, त्याऐवजी हे तोंडी सांगितलं असतं तर माझा लॉट वाचला असता. चूक माझीही आहे, मी पत्रक भिंगाने वाचायला हवं होतं.

सायझिंगवाल्याला विचारल्याशिवाय हे घेऊ नका. खळीत पीव्हीए (कृत्रिम पॉलिमर) मिसळलेला असेल तर त्यावर हे एन्झाइम काही करत नाही, त्यात तसला सांधाच नसतो. चिंचोक्याच्या खळीचंही तेच. इकडे घोंगड्यांना अजून ती लावतात. तिच्या साखळीचा कणाही कापसासारखाच बीटा सांध्याचा, त्यामुळे अमायलेज तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. स्टार्चची खळ असेल तरच पैसे घाला.

'इको-फ्रेंडली' हा शब्द कॅनवर मोठ्या अक्षरात आहे. ॲसिड गेलं हे खरं. पण खळ काही हवेत विरत नाही, विरघळून नाल्याकडेच जाते, आणि ट्रीटमेंट प्लांटवरचा तिचा भार तेवढाच राहतो. हा शब्द निम्म्या अक्षरांत चालला असता.

साठवणुकीचं सांगतो. पंच्याण्णव अंश सोसणारा माल आहे म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. वीस-पंचवीस मिनिटं उकळत्या पाण्यात टिकणं वेगळं आणि सोलापूरचा एप्रिल-मे काढणं वेगळं. आम्ही कॅन आता ऑफिसात, मालकांच्या कूलरसमोर ठेवतो. मालक कुरकुरतात, पण त्या नेव्ही ब्ल्यूनंतर फार बोलत नाहीत.

दराचं लिहीत नाही, तो दर ऑर्डरला बदलतो. किलोमागे जुन्यापेक्षा महाग पडतं, पण वाफ आणि वेळ धरला तर आमच्याकडे परवडतंय.

पाचवा तारा कापलाय तो कॅनच्या तोंडासाठी. पस्तीस किलोचा कॅन तिरपा करून शंभर-दोनशे ग्रॅम मोजून ओतायचे, तर पहिल्यांदा काहीच येत नाही आणि मग भसकन अर्धा लिटर पायावर. तपकिरी, आंबलेल्या पिठाच्या वासाचं. साधा नळ लावून द्या की ओ.