कार्यालयाच्या आवारातील पाळणाघर : एका आईचे परीक्षण

हिंजवडीतील ज्या आयटी कंपनीत मी नोकरी करते, तिच्या आवारातील पाळणाघराविषयी लिहावेसे वाटते, कारण नोकरी बदलताना पगाराची कसून चौकशी करणारे पालकही या सोयीकडे क्वचितच बारकाईने पाहतात. 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यातील भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली, किमान 50 कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. आमचे पाळणाघर तळमजल्यावरच असल्याने ही मुभा मला खरोखर वापरता आली आणि कामावर परतल्यावरही अंगावर पाजणे सुरू ठेवता आले.

येथील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मावशी वारंवार बदलत नाहीत. लहान मुलाला खेळण्यांपेक्षा ओळखीचा हात लागतो, आणि मुलगा ज्यांच्या मांडीवर पहिल्यांदा शांत झोपला, त्याच मावशी त्याला आजही मऊ वरण-भात भरवतात. सुरुवातीला पालकांना काही दिवस सोबत बसवून, मग मूल थोडा थोडा वेळ एकटे ठेवून त्याला रुळवले जाते. टीव्ही अजिबात लावत नाहीत; दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात.

संध्याकाळी साडेसहाला दार बंद होते, आणि अमेरिकेतील सहकाऱ्यांच्या बैठका त्याच सुमारास सुरू होत असल्याने यावर अनेक पालक नाराज आहेत. मला मात्र हा नियम योग्य वाटतो, कारण दिवसभर घराबाहेर राहिलेल्या मुलाचा दिवस आणखी लांबवण्यापेक्षा बैठकीची वेळ बदलणे न्याय्य आहे, आणि या नियमामुळेच आमच्या व्यवस्थापकांनी ती बदललीही.

उणिवाही आहेत. मोकळे अंगण नसल्याने मुलांना मातीत खेळता येत नाही. त्याहून खटकणारी बाब म्हणजे अर्जावर दोन्ही पालकांचे क्रमांक असूनही, आणि काही मुलांचे वडीलच या कंपनीत कामाला असूनही, ताप आला की पहिला फोन आईलाच जातो. दर आठवड्याला आधी कोणाला कळवायचे, हे पालकांनीच ठरवून देण्याची सोय करावी, अशी लेखी सूचना मी दिली आहे.