प्रति किलोमीटर बस करार: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सरकारी पैशातून बससेवा वाढवायची असेल, तर ग्रॉस कॉस्ट करार घ्यावा. तिकिटाचे पैसे परिवहन प्राधिकरणाकडे जातात आणि बस चालवणाऱ्या कंपनीला, म्हणजे ऑपरेटरला, चाललेल्या किलोमीटरचे पैसे मिळतात. प्रवासी भरेपर्यंत थांब्यावर गाडी अडवून ठेवणं यामुळे थांबलं, हा मोठाच फायदा.

त्रास हमी किलोमीटरचा, म्हणजे प्राधिकरणाने ऑपरेटरला कबूल केलेल्या किमान किलोमीटरचा. १०० बस, रोज २०० किमी म्हणजे महिन्याला ६ लाख किमी. ऑपरेटरची चूक नसताना गाडी कमी धावली, तर न धावलेल्या किलोमीटरचे पैसे ठरलेल्या कमी दराने द्यावे लागतात. आता बॅटरीचं गणित बघा. १२ मीटरच्या इलेक्ट्रिक बसला एसीसह किमीला साधारण १.२ युनिट लागतात. २५० युनिटच्या बॅटरीत २० टक्के राखून २०० युनिट हाती राहतात, म्हणजे जेमतेम १६५ किमी. बाकीच्या ३५ किमीसाठी दुपारी चार्जिंग हवंच. १२० किलोवॉटच्या चार्जरवर ते वीसेक मिनिटांचं काम, पण डेपोपर्यंतची ये-जा आणि रांग धरली की तास जातो. वेळापत्रकात हा तास नसेल तर रोज फेरी बुडते, आणि चार्जर, वीजजोडणी प्राधिकरणाची असेल तर दंडही लावता येत नाही. बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर आली की पल्ला १३३ किमी उरतो. निविदेत हाच आकडा धरा, नव्या बॅटरीचा नको.

डेड किलोमीटर, म्हणजे डेपो ते मार्ग हे रिकाम्या गाडीचं अंतर, मोजायला विसरू नका. डेपो ८ किमी लांब असेल तर जाऊन-येऊन रोज १६ किमी. १०० बसचे महिन्याला ४८,००० किमी, म्हणजे बिलाचे ८ टक्के, प्रवाशाविना. डेपोची जागा आधी ठरवा, गाड्यांची मागणी नंतर.

नुसत्या किलोमीटरवर पैसे दिले की तीन बस एकामागोमाग आल्या तरी बिल पूर्ण निघतं. लंडनने २००१ पासून करारांत नियमिततेवर बक्षीस आणि दंड जोडला, वेळापत्रकापेक्षा प्रवाशाला किती जास्त थांबावं लागलं यावर. हे कलम पहिल्या दिवसापासून हवं. जीपीएसची नोंद मात्र प्राधिकरणाच्या सर्व्हरवर असावी.

निधीबाबत एकच आग्रह. भांडवली अनुदान गाड्या देतं, चालवण्याची तूट दरमहा येते. अनुदानाचा हप्ता खर्चाचा दाखला दिल्यावर उशिरा येतो, ऑपरेटरचे पगार थांबत नाहीत. एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त ऑपरेटरच्या बिलासाठी बँकेत राखून ठेवलेल्या खात्यात, तीन महिन्यांचं बिल जमा झाल्याशिवाय पहिली बस रस्त्यावर आणू नका.