समुद्रापासून लांबच्या शहरात चांगली सुशी मिळते का? बऱ्याच महिन्यांचा अनुभव

मिळते. हे आधीच सांगून टाकते, कारण "समुद्र नाही तिथे सुशी खायची नाही" हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवलंय की आता त्यावर नीट लिहायलाच हवं. गेले बरेच महिने शहरातल्या जपानी म्हणवणाऱ्या जवळपास सगळ्या जागा, मॉलमधले काउंटर, हॉटेलातले बुफे, डिलिव्हरीचे डबे आणि नंतर नंतर घरचं किचन, असं सगळं करून झालंय. त्यातून माझं मत असं झालंय की लांबच्या शहरात सुशी बिघडते ती बहुतेक वेळा माशामुळे नाही, भातामुळे आणि हाताळणीमुळे बिघडते, आणि आपण सगळे मात्र मासा किती ताजा आहे तेवढंच विचारत बसतो.

आधी माशाचंच बोलू. टोकियोच्या टोयोसू बाजारात ट्यूनाचा लिलाव होतो तिथे फ्रोझन ट्यूनाचा वेगळा लिलाव असतो, म्हणजे सुशीच्या राजधानीतसुद्धा फ्रोझन मासा उजळ माथ्याने विकला जातो. लांब समुद्रात पकडलेला ट्यूना बोटीवरच उणे ६० अंशांच्या आसपास गोठवतात, त्या तापमानाला मांसाचा रंग आणि पोत खूप काळ टिकतो. विमानाने मासा आणणंही नवीन नाही, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा ब्लूफिन ट्यूना १९७२ मध्येच विमानाने टोकियोला पोचला होता. त्यामुळे समुद्र किती किलोमीटर लांब यापेक्षा विमानतळापासून किचनपर्यंत मासा कुठे गरम झाला का, हा प्रश्न खरा आहे. कोल्ड चेन, म्हणजे मासा सतत थंड ठेवण्याची साखळी, तुटली की संपलं. ट्यूना आणि मॅकरेलसारख्या माशांत मग हिस्टामिन हे त्रासदायक रसायन तयार होतं आणि ते नंतर गोठवून जात नाही, शिजवूनही जात नाही. अशा माशाचा घास जिभेवर तिखट, चुरचुरल्यासारखा लागतो, तसं वाटलं की मी तिथेच थांबते, पैसे गेले तर गेले.

आणि गोठवणं ही फसवणूक नाही हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी भीती जाते. कच्च्या माशात अनिसाकिससारखे परजीवी असू शकतात, ते मारायला अमेरिकेचा अन्न-औषध विभाग एफडीए उणे २० अंशांना ७ दिवस किंवा उणे ३५ अंशांना पूर्ण गोठवून मग तिथेच १५ तास ठेवा असं सांगतो. ट्यूनाच्या मोठ्या जाती आणि तयार खाद्यावर वाढवलेला फार्मचा सॅमन यांना त्यात सूट आहे कारण त्यांच्यात हा धोका बराच कमी असतो. जपानमध्येही कच्चा सॅमन सुशीवर उशिराच आला, १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला फार्मचा सॅमन तिथे विकायला जोर लावला त्यानंतर, त्याआधी तिथे सॅमन खारवून नाहीतर शिजवूनच खायची रीत होती. हे कळल्यावर "आमच्याकडे फ्रोझन काही नसतं" असं अभिमानाने सांगणाऱ्या जागेबद्दल मला उलट जास्त प्रश्न पडायला लागले. आणि जवळच्या नदीतला, तळ्यातला मासा कुणी "एकदम ताजा आहे" म्हणून कच्चा वाढत असेल तर अजिबात खाऊ नका, गोड्या पाण्यातल्या माशांचे परजीवी हा त्याहून वाईट प्रकार आहे.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग. जपानमध्येच समुद्र नसलेले प्रदेश आहेत, ४७ पैकी ८ प्रीफेक्चरना, म्हणजे प्रांतांना, किनाराच नाही, आणि त्या लोकांनी सुशी सोडली नाही, त्यांनी स्वतःची सुशी केली. क्योतो शहर समुद्रापासून आत, तर वाकासाच्या किनाऱ्यावरच्या ओबामा गावाहून मॅकरेल मीठ लावून डोंगरातून क्योतोला चालत आणायचे, सत्तरेक किलोमीटरची वाट, तिला साबा काइदो म्हणतात. मासा पोचेपर्यंत मीठ बरोबर मुरलेलं असायचं आणि त्याची साबाझुशी व्हायची, जाड मॅकरेल, खाली दाबलेला भात, वर कोम्बूची, म्हणजे सुकवलेल्या समुद्री शेवाळाची, पातळ पट्टी. नारालाही समुद्र नाही, तिथे खारवलेल्या मॅकरेलचा तुकडा भातावर ठेवून पर्सिमनच्या पानात गुंडाळतात, काकिनोहाझुशी, आणि ती केल्या केल्या खाण्यापेक्षा थोडी मुरल्यावर जास्त चांगली लागते. शिगात बिवा सरोवर आहे, तिथला निगोरोबुना मासा आधी मिठात आणि मग भातात महिनोन्महिने आंबवून फुनाझुशी करतात, सुशीच्या सगळ्यात जुन्या प्रकारांपैकी हा एक. हातावर वळून लगेच खायची निगिरी त्यामानाने अलीकडची, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदोत म्हणजे आताच्या टोकियोत रुळलेली, तिचं श्रेय साधारणपणे हानाया योहेईला देतात. आणि तेव्हा फ्रिज नव्हतेच, बर्फही सहज मिळत नव्हता, म्हणून एदोतही ट्यूना सोया सॉसमध्ये मुरवायचे, चांदीसारख्या कातडीचे मासे मीठ आणि व्हिनेगर लावून ठेवायचे, ईल हा सापासारखा लांब मासा शिजवायचे. एदोमाए म्हणून जी शैली आज इतक्या आदराने सांगतात तिचा अर्धा भाग मासा टिकवण्याचंच काम आहे.

म्हणून माझं म्हणणं, लांबच्या शहरात शेफला हेच काम येतं का ते बघा. मी ज्या जागेवर येऊन स्थिरावले तिथे मेन्यू छोटा आहे, सॅमनचे पंचवीस रोल नाहीत, पण मुरवलेला ट्यूना आहे, मीठ-व्हिनेगरातला मॅकरेल आहे, साबाझुशी आधी सांगितली तर करून देतात. मॅकरेल आधी गोठवलाय का हे मात्र विचाराच, कारण व्हिनेगरने अनिसाकिस मरत नाही. मी विचारलं तेव्हा शेफने "हो, गोठवतो, नाहीतर मीच वाढणार नाही" असं सरळ सांगितलं, आणि त्या एका उत्तरावर माझा विश्वास बसला.

आता भात. यावर मी कितीही लिहू शकते. सुशीच्या घासात अर्ध्याहून जास्त भातच असतो आणि तो अंगाच्या उष्णतेइतका कोमट हवा, दाणा दाणा वेगळा कळायला हवा पण उचलताना सुटायला नको, आणि तोंडात गेल्यावर विरघळल्यासारखा पसरायला हवा. फ्रिजमध्ये ठेवला की स्टार्च कडक होतो आणि भात खडखडीत लागतो, मग वर कितीही भारी मासा ठेवा. शहरातल्या एका चकचकीत जागी, नाव घेत नाही, मासा खरंच चांगला होता पण भात सरळ फ्रिजमधून काढलेला, थंडगार आणि घट्ट, आणि तो चिकटून राहावा म्हणून इतका दाबलेला की चावावा लागत होता. डिलिव्हरीची सुशी मी याच कारणासाठी बंद केली, मासा थंड हवा आणि भात कोमट हवा, एका डब्यात दोन्ही कसं जमणार. बरं, व्हिनेगरही सगळीकडे सारखं नसतं. काही जण साके ही तांदळाची दारू गाळून उरलेल्या चोथ्यापासून केलेलं लाल व्हिनेगर वापरतात, अकाझू, त्याने भात किंचित तपकिरी दिसतो आणि चव गोल, खोल होते, मुरवलेल्या माशाबरोबर तर फारच छान लागते. पांढऱ्या व्हिनेगरात साखर ओतून केलेला गोड भात मात्र तिसऱ्या घासाला नको होतो.

नवीन जागी गेले की मी आधी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूप आणि तामागो मागवते, कच्चं काहीच नाही. सूपमध्ये दाशी, म्हणजे कोम्बू आणि बोनिटो माशाचं पातळ सार, खरी आहे की पावडर ते पहिल्या घोटात कळतं, खऱ्या दाशीची चव हळू चढते आणि गिळल्यावरही राहते, पावडरची एकदम येते, खारट वाटते आणि नंतर फक्त तहान लागते. कोम्बूमधल्या चव देणाऱ्या ग्लुटामेटचा शोध किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये लावला, आणि सुकवलेल्या बोनिटोच्या पातळ पापुद्र्यांतलं इनोसिनेट त्याच्याबरोबर आलं की दोन्हींची चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते, हे एका वाटी सूपमध्ये जाणवतं. जो माणूस सूपला वेळ देतो तो भातालाही देतो, हा माझा ठोकताळा अजून तरी चुकलेला नाही. तामागो म्हणजे अंड्याचा थर थर गुंडाळलेला तुकडा, तो बाहेरून आणलेला असेल तर सगळ्या कडा एकसारख्या, गोड आणि स्पंजी असतात.

काही गोष्टी दिसल्या की मी सावध होते. "व्हाइट ट्यूना" म्हणून दुधासारखा पांढरा, तेलकट तुकडा आला तर तो बऱ्याचदा एस्कोलार नावाचा दुसराच मासा असतो, त्यातलं मेणासारखं तेल पचत नाही आणि पोट बिघडतं, जपानमध्ये त्याच्या विक्रीवर बंदी आहे. ट्यूनाचा रंग कलिंगडासारखा झगझगीत गुलाबी आणि सगळीकडे एकसारखा असेल तर कार्बन मोनॉक्साइड दिलेला असू शकतो, रंग टिकतो पण मासा जुना झालाय हे डोळ्याला कळत नाही, हेही जपान आणि युरोपियन युनियनमध्ये चालत नाही. "सुशी ग्रेड" या शिक्क्याची तर अमेरिकेतही कायद्यात व्याख्या नाही, तेव्हा त्या दोन शब्दांवर विसंबून मासा घरी आणू नका, कधी गोठवला, किती तापमानाला, कधी सोडवला ते विचारा. वासाबी ही झणझणीत हिरवी चटणी बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग असतो, त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही, खरी वासाबी महाग आणि किसल्यावर थोड्या मिनिटांत तिचा वास उडतो. पण वासाबी नकली आहे म्हणून जागा वाईट, असं अजिबात नाही.

आणि सुशी म्हणजे सगळं जपानी जेवण नव्हे, हे खरं तर मी आधी लिहायला हवं होतं. समुद्र नसलेल्या नागानोची ओळखच सोबा, म्हणजे बकव्हीटच्या पिठाच्या शेवया, आणि तिथलाच शिन्शू मिसो आहे. क्योतोच्या मठांतलं शाकाहारी शोजिन जेवण बोनिटोशिवाय, कोम्बू आणि सुक्या शिताके मशरूमच्या दाशीवर चालतं, तोफू, युबा म्हणजे सोया दुधाची साय, तीळ, भाज्या, आणि यातलं सुकं सामान कुठल्याही शहरात चांगल्या अवस्थेत पोचतं. माझ्या शहरात सगळ्यात अस्सल जे मिळालं ते एका छोट्या जागेतला थंड सोबा, बाजूला बुडवायला गडद त्सुयू सॉस आणि जेवण झाल्यावर सोबा उकडलेलं गरम पाणी त्या त्सुयूत घालून प्यायला दिलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू. उनागीही चांगली मिळते, भाजून सॉस लावलेली ईल फ्रोझन येते आणि नीट वाफवून पुन्हा भाजली तर छान लागते. फक्त जपानी ईल २०१४ पासून आययूसीएन या निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत धोक्यातली प्रजाती आहे, म्हणून मी ती क्वचितच घेते.

घरी करायची असेल तर तेमाकीपासून सुरू करा, हातात नोरीचा, म्हणजे समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पापुद्र्याचा, तुकडा, त्यावर भात, आत काहीही, वळा आणि लगेच खा. लगेच म्हणजे खरंच लगेच, नोरी ओलसर झाली की रबरासारखी ताणली जाते. माझं प्रमाण ३०० ग्रॅम आखूड दाण्याच्या जपानी तांदळाला ५० मिली तांदळाचं व्हिनेगर, १८ ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ, तांदूळ पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवून अर्धा तास भिजवायचा, भात गरम असतानाच व्हिनेगर घालून पसरट भांड्यात कापल्यासारखा उलटायचा, चेचायचा नाही, आणि ओल्या कापडाखाली ठेवायचा. मिरिन, म्हणजे स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू, घेताना मागचं लेबल वाचा, खऱ्या होनमिरिनमध्ये १४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, "मिरिन स्टाइल" बाटलीत बहुतेक साखरेचा पाक असतो. सोया सॉसच्या लेबलवर सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच किंवा त्याच्या जवळपास असेल तो घ्या. दाशीसाठी एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कोम्बू भिजवून मंद आचेवर ठेवते, उकळी फुटायच्या आत कोम्बू काढते, मग मूठभर बोनिटो, दोन मिनिटं, गाळून घेते. कच्चा मासा मात्र घरी मी अजून नाही वापरत, शिजवलेली कोळंबी, काकडी, अंडं, मुरवलेले शिताके, एवढ्यावर माझं छान भागतं.

जे जमत नाही ते जमत नाही, तेही सांगते. उनी म्हणजे सी अर्चिन, जिवंत शिंपले, सिझनमधली कोहादा ही छोटी मासळी, यांच्यासाठी किनाऱ्याजवळ किंवा फार मोठ्या उलाढालीच्या जागीच जावं, कारण त्यांची चव तासांवर असते आणि इथे ते मागणारे लोक कमी, म्हणून माल पडून राहतो. मेन्यूवर दिसलं तरी मी मागवत नाही. त्याऐवजी काउंटरवर बसते, माल कोणत्या दिवशी येतो ते आधी फोनवर विचारून त्याच दिवशी जाते, आणि काय खायचं ते शेफवर सोडते. आमच्या इथे माल गुरुवारी येतो, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी जागा हवी असेल तर आधी बुक करावंच लागतं, आणि मुरवलेला ट्यूना बहुतेक वेळा नऊच्या आत संपतो.