गोठ्याचं गेट, १४ महिने: पावडर तीच, धुण्याचं पाणी वेगळं

औसा तालुक्यात माझा ११ जनावरांचा गोठा आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, पण गोठ्यातल्या लोखंडाला गंजायला समुद्र लागत नाही. मूत, शेण आणि रोज दोन वेळचा पाइपाने धुवा एवढं पुरतं. रेड ऑक्साईड मारून वर ऑइल पेंट दिलेलं जुनं गेट दोन वर्षांत खालून खाल्लं गेलं, म्हणून या वेळी पावडर कोटिंग केलं, म्हणजे रंगाची कोरडी पावडर फवारून भट्टीत भाजली.

माल दोन खेपांत गेला. मागच्या वर्षी मे महिन्यात दोन गेटं, ऑक्टोबरात मधले कठडे. पाईप तोच, १६ गेजचा एमएस (साधं लोखंड) चौकोनी. दुकान तेच, राखाडी पावडर तीच, आणि मीटर लावून बघितलं तर थरही दोन्ही वेळी ७० मायक्रॉनच्या आसपास.

त्याच वर्षी श्रावणात गेटाच्या खालच्या पट्टीवर मुगाएवढे फोड आले. नखाने फोडले तर आत पाणी, खाली काळपट गंज. वर ओरखडा म्हणाल तर एकही नाही. म्हणजे रोग बाहेरून आला नव्हता, पावडरीखालीच बसला होता.

दुकानात गेलो. "अण्णा, सात टाक्यांची प्रोसेस आहे आपली, फॉस्फेटिंग झालंय," मालक म्हणाले. ते खोटं नव्हतंच. पहिल्या टाकीत तेल निघतं, मग धुवा, अॅसिडमध्ये गंज निघतो, पुन्हा धुवा, मग झिंक फॉस्फेट, परत धुवा आणि शेवटी पॅसिव्हेशन, म्हणजे फॉस्फेटच्या थराला पक्कं करणारं द्रावण. फॉस्फेटने लोखंडावर करड्या बारीक स्फटिकांचा खरखरीत थर धरतो. एकटा तो गंज फार दिवस अडवत नाही. त्याचं काम पावडरीला पकड देणं आणि एखादी चीर पडली तर गंज खालून पसरू न देणं. आम्ही मात्र फॉस्फेटचं नाव ऐकूनच खूश होतो आणि मधल्या धुव्याच्या टाक्यांकडे बघतही नाही.

मे महिन्यात पाण्याचं काय, असं विचारल्यावर मालक जरा थांबले. टँकर दिवसाआड, म्हणून धुण्याच्या टाक्या आठ-आठ दिवस बदलल्या नव्हत्या. वर पाणी बोअरचं, खारट. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातुरात मी यावर काय भांडणार? पण घोळ तिथेच होता. अॅसिडच्या टाकीतून निघणारा माल स्वतःसोबत क्लोराइड (मिठातला क्षार) घेऊन येतो. धुण्याचं पाणी जुनं झालं की ते जातच नाही, उलट बोअरचे क्षार आणखी चिकटतात. भट्टीत पाणी उडतं, मीठ राहतं, वर पावडर बसते. पावडरीचा थर पाणी पूर्ण अडवत नाही, हळूहळू आत येऊ देतो. आतलं मीठ ते पाणी ओढतं आणि फोड उठतो.

ऑक्टोबरात मी टेम्पोत मालासोबत गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचे २०० लिटरचे दोन बॅरल टाकले. पोरं हसली. पण शेवटचा धुवा त्याच पाण्याने दिला, कॅनने ओतून. तेव्हा पाणी सलग पसरतंय की थेंब-थेंब तुटतंय हे बघून घ्यायचं. तुटलं तर तिथे तेल आहे, माल परत पहिल्या टाकीत.

आणखी एक सुधारणा केली. मे महिन्यात वेल्डिंगची कात (सांध्यावरची कडक खपली) तशीच राहिली होती. ती अॅसिडने निघत नाही, ग्राइंडरच मारावा लागतो. सांध्याला बारीक भोक राहिलं तर अॅसिड पाइपात शिरून अडकतं आणि महिनोन् महिने पिवळा ओघळ बाहेर येतो. माझ्या एका गेटाला तो अजून येतोय.

कठड्यांना आता ९ महिने झाले, एकही फोड नाही. पकड बघायला ब्लेडने उभ्या-आडव्या ६-६ रेघा मारून वर चिकटवलेली टेप ओढली, एकही चौकट निघाली नाही. मेच्या गेटावर हेच केलं तर फोडांशेजारी निम्म्या चौकटी टेपला आल्या. मात्र ऑक्टोबरात दुकानानेही टाक्या नव्याने भरल्या होत्या, त्यामुळे सगळं श्रेय माझ्या बॅरलना देणं लबाडी होईल. शिवाय कठड्यांनी अजून अख्खा पावसाळा बघितलेला नाही.

जाता जाता, पाण्याच्या नळाच्या गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) पाइपाला मी घरीच ऑइल पेंट मारला होता. चार महिन्यांत पापडासारखा सुटला. जस्त आणि ऑइल पेंटची आपसात साबणासारखा थर बनवणारी प्रक्रिया होते, तिथे आधी एच प्रायमर (जस्ताला धरून बसणारा पहिला हात) हवा. फॉस्फेटचं ज्ञान झालेला माणूस असं करतो, काय सांगावं.

मेची दोन्ही गेटं पावडर काढायला परत द्यायची आहेत. दर निम्मा करायला मालक तयार आहेत. मी म्हटलं, घाई नाही, पाऊस पडू द्या, बॅरल भरले की आणतो.