मोरीचा सिलिकॉन व्हॉल्व्ह: वास अडवतो, धागाही अडवतो

कुमठेकर रोडच्या मागच्या बोळात माझं फॉल-पिकोचं दुकान. मागे हातभर मोरी. मे महिन्यात पंधरा दिवस गावाला जाऊन आले, शटर वर केलं आणि सडक्या अंड्यांसारखा भपकारा आला. गिऱ्हाइकं साडी द्यायच्या आधी पदर नाकाला लावायची. चार दिवसांत माझं नाक सरावलं, पण देवाजवळचं चांदीचं निरांजन घासलं की पुन्हा काळं! गटारातल्या हायड्रोजन सल्फाइड गॅसचं हे काम. जास्त प्रमाणात असला तर नाकच बधिर करतो, म्हणून तर चेंबरमध्ये उतरलेल्या माणसाला धोका कळत नाही.

प्लंबरकाकांनी टॉर्च मारला. "ताई, नहाणी ट्रॅप कोरडा ठक्क पडलाय." ट्रॅप म्हणजे मोरीच्या जाळीखालचं भांडं, त्यात दोनेक इंच पाणी साठलेलं असतं, तेच गॅसला वर येऊ देत नाही. माझं उन्हाळ्यात आटलं. त्यात वरच्या मजल्यावर फ्लश ओढला की आमची मोरी गुडगुडते. तेव्हाही थोडं पाणी ओढलं जातं म्हणाले.

मग ऑनलाइन हा व्हॉल्व्ह मागवला, १८९ रुपये. पाणी पडलं की खालची चोच उघडते, थांबलं की मिटते. जाळी काढून भोकात दाबायचा, एवढंच. माझ्या भोकात तो सैल बसला, सोबतची रिंग कुचकामी. सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली तेव्हा कुठे घट्ट झाला. दुसऱ्या दिवशी वास गायब. निरांजन महिनाभर लख्ख.

आणि मग एका सकाळी वास परत. उपसून बघते तर चोचीत मरून रंगाच्या धाग्याचा गुंता, त्यात माझाच केस, वर साबणाचा बुळबुळीत थर. चोच तांदळाच्या दाण्याएवढी उघडी! लावायच्या आधी फॉल भिजवतो, ते पाणी मोरीतच जातं, त्यातले हे धागे. आता दर शनिवारी जुन्या टूथब्रशनं घासते. बादली एकदम उपडी केली तर पाणी तुंबतं, हेही आहे. रस्त्यावरच्या चेंबरचा वास पुढच्या दारानं येतो तो येतोच, त्याला हा बिचारा काय करणार!

साडेतीन स्टार. घेण्याआधी मोरीत दोन तांबे पाणी आणि वर चमचाभर गोडंतेल ओतून बघा. तेलाच्या तवंगामुळे पाणी लवकर आटत नाही. घरच्या न वापरत्या बाथरूमचं तेवढ्यावर भागलं. दुकानासाठी मात्र दुसरा व्हॉल्व्ह मागवलाय, एक धुवायला काढला की लावायला.