महिंद्रा ओजा: खाचराच्या मापाने पाहिलं तर

चार गुंठ्यांच्या खाचरात पन्नास एचपीचा ट्रॅक्टर उतरवून बांध मोडून घेण्यापेक्षा पॉवर टिलर बरा, हे कोकणात वर्षानुवर्षं खरंच होतं. छोट्या फोर व्हील ड्राइव्हने ते गणित बदललं. २०१५ मध्ये महिंद्राने जपानच्या मित्सुबिशी शेतीयंत्र कंपनीत ३३ टक्के हिस्सा घेतला. २०१७ मध्ये २४ एचपीचा जिवो ट्रॅक्टर आला. मग १५ ऑगस्ट २०२३ ला केपटाउनमध्ये, जपानी भागीदारांसोबत घडवलेल्या ओजा या छोट्या ट्रॅक्टरची सात मॉडेलं एकदम. सगळी फोर व्हील ड्राइव्ह, बांधणी तेलंगणात झहीराबादला. नावातले शेवटचे दोन आकडे म्हणजे एचपी: २१२१ पासून ३१४० पर्यंत. तेव्हा पुण्यात २१२७ ची एक्स-शोरूम किंमत ५,६४,५०० रुपये होती, ३१४० ची ७,३५,०००.

भातशेतीला २१२७ च्या वर जाऊ नये. नंबर ३१ ने सुरू होणारे सपाट मळ्यासाठी. आपल्या पाणंदीतून ते न्यायचे कसे, हाच आधी प्रश्न.

खरी कमाल शटलची, म्हणजे झटकन पुढे-मागे करणाऱ्या गिअरची आहे. बारा गिअर पुढे, बारा मागे. लहान खाचरात निम्मं काम वळण्या-मागे घेण्यातच जातं, तिथे एकाच लिव्हरने दिशा बदलते. रिव्हर्स टाकला की रोटाव्हेटर आपोआप उचलला जातो, म्हणजे पाती बांधात घुसत नाहीत. उचलल्यावर पीटीओही (रोटाव्हेटर फिरवणारा शाफ्ट) थांबतो. या सोयी प्रत्येक मॉडेलात नसतात. कोटेशनवर लिहून घ्या. वळताना आतल्या चाकाला लागणारा ब्रेक आंब्याच्या कलमांत छान, चिखलणीत मात्र नको. चाक जागच्या जागी खड्डा खणतं.

आता केज व्हील, म्हणजे चिखलणीसाठी लावायचं लोखंडी पिंजऱ्यासारखं चाक. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने ओढतील असा हिशेब केलेला असतो. मागे टायरपेक्षा मोठ्या घेराचं केज व्हील लावलं की तो बिघडतो: पुढची चाकं ओढायच्या ऐवजी अडवतात, आणि ताण पुढच्या एक्सलच्या गिअरवर येतो. टायर बदलतानाही कंपनीने दिलेलीच साइज, पुढची-मागची जोडी जुळवून. डांबरी रस्त्याला लागलात की फोर व्हील ड्राइव्हची लिव्हर सोडवा, नाहीतर पुढचे टायर एका हंगामात गुळगुळीत होतील.

जांभ्याच्या कातळावर रोटाव्हेटर चालवूच नका, पाती राहत नाहीत.

इलेक्ट्रॉनिक्स जास्त, म्हणून काळजी दुसरी: सेन्सरच्या वायरी उंदीर कुरतडतात आणि खारी हवा कनेक्टर हिरवे करते. खाडीकाठी ट्रॅक्टर उघड्यावर ठेवू नका. चिखलणी संपली की पुढच्या एक्सलचं ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी आत गेलंय. नुसतं ऑइल बदलून भागत नाही, सील बदलावंच लागतं.