एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास: मे महिन्यात अख्ख्या घराचा काढावा का?

परीक्षा संपल्या की मुंबईतल्या घराघरांत तोच बेत शिजतो. आधी गावी, मग मामाकडे, जमलंच तर आत्याकडे दोन दिवस, आणि मुलं मोठी असतील तर मध्ये एखादा लांबचा ट्रेक. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि बघता बघता वेटिंगवर जातं. ते हुकलं की सगळ्यांच्या नजरा एसटीकडे वळतात. मग कोणीतरी म्हणतं, "तो पास असतो ना, कुठेही फिरा?"

असतो. १९८८ पासून आहे. सध्या तो ४ आणि ७ दिवसांचा मिळतो आणि प्रौढ व मूल असे दोनच दर असतात. वर्ग दोन: साध्या गाड्यांचा, म्हणजे साधी, जलद, रातराणी वगैरे; आणि त्याहून महाग, ज्यात शिवशाहीही चालते. शिवनेरी कुठल्याच पासात बसत नाही. प्रवासाच्या जास्तीत जास्त १० दिवस आधी आगारातून काढून ठेवता येतो. दर मधूनमधून बदलतात, म्हणून किंमत आगाराच्या खिडकीवर विचारा. दर कितीही असला तरी खालचा हिशेब चालतो.

एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर मोजतात. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे साधारण १० रुपये पडतात. म्हणजे पासाच्या दर १,००० रुपयांमागे १०० टप्पे, अर्थात ६०० किलोमीटर प्रवास झाला तर पैसे वसूल. डोंगरघाटातून, थांबे घेत साधी गाडी तासाला ३५ किलोमीटर कापते असं धरलं, तर हे सतरा तासांचं बसणं झालं. ४ दिवसांच्या पासालाही हजाराहून बरेच जास्त पडतात. पुढचा गुणाकार पाठीच्या कण्यावर सोडून द्या.

पण खरी गोम वेगळीच आहे. ही योजना निघाली तेव्हा बहुतेक प्रवासी पूर्ण तिकीट काढत. आज तसं नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना साध्या गाडीपासून शिवनेरीपर्यंत सगळीकडे अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं, ७५ च्या पुढे मोफत. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना पूर्वीपासूनच अर्धं. पासात मात्र महिलेसाठी वेगळा दर नाही. आईने पास काढला तर ती प्रौढाचा पूर्ण दर भरते आणि बदल्यात जो प्रवास मिळतो तो तिला एरवी निम्म्या पैशात मिळतोच. तिला पास वसूल करायला १,००० रुपयांमागे ६०० नव्हे, १,२०० किलोमीटर फिरावं लागेल. चार दिवसांत तेवढं फिरणाऱ्या बाईला पास नको, पुरस्कार द्या.

मुंबई-रत्नागिरीचं उदाहरण घेऊ. साधारण ३४५ किलोमीटर, म्हणजे ५८ टप्पे, म्हणजे ५८० रुपयांच्या आसपास. घरात सहा माणसं: बाबा, आई, १४ वर्षांचा मुलगा, ९ वर्षांची मुलगी, सत्तरीचे आजोबा, ७८ वर्षांची आजी. बाबा आणि मुलगा ५८० प्रमाणे, आई, मुलगी आणि आजोबा २९० प्रमाणे, आजी शून्य. एका बाजूचे २,०३० रुपये. आरक्षण आकार वेगळा, आणि तो सवलतीत अर्धा होत नाही. याच सहा जणांत पासाचा विचार करण्याजोगे तिघेच: बाबा, मोठा मुलगा आणि ९ वर्षांची मुलगी. मुलीचं नाव ऐकून गोंधळू नका. मुलांचा पासही अर्ध्या दरात असतो आणि तिकीटही अर्धंच, त्यामुळे तिचं गणित बाबांसारखंच ६०० किलोमीटरवर येतं. आई आणि आजोबांना पास तोट्यात जातो. आजीला पास काढून देणारा जावई असेल तर त्याला चहा द्या आणि बसवा.

तेव्हा 'घरातल्या सगळ्यांचे पास काढूया' हे वाक्य आता बाद. ज्याला पूर्ण तिकीट पडतं त्याचा किंवा लहान मुलांचाच पास, आणि तोही फिरणं जास्त, राहणं कमी असेल तरच.

नातेवाइकांकडच्या सुट्टीत हीच तर अडचण आहे. पासाचे दिवस सलग मोजतात. मामाकडे गेल्यावर मामी दुसऱ्या दिवशी निघू देते का? तीन दिवस तिथे आंबे खाण्यात गेले, की ४ दिवसांच्या पासातले तीन दिवस आंब्याबरोबर गेले. मुंबईहून गावी आणि परत, एवढाच बेत असेल तर पासाचं नावही काढू नका. एका बाजूला गाडी एकदाच, दुसऱ्या बाजूला एकदाच, मध्ये आठवडाभर मुक्काम. साधं तिकीट स्वस्त पडतं.

पास खरा कामाला येतो तो विखुरलेल्या गोतावळ्यात. एक काका कोल्हापुरात, बहीण सोलापुरात, आणि परतताना नाशिकला लग्न. मुंबई-कोल्हापूर जाऊन-येऊनच साडेसातशे किलोमीटरच्या घरात जातं. त्यात सोलापूर आणि नाशिक घातलं की ७ दिवसांचा पास बाबांना परवडू शकतो. साडेतीन शक्तिपीठं एका दमात करणाऱ्यांनाही: कोल्हापूर, तुळजापूर, माहूर, वणी. हा पास मुळात अशा फिरस्त्यांसाठीच आहे. रात्री गाडीत झोप लागत असेल तर राहण्याचा खर्चही वाचतो.

रात्रीच्या गाडीचा मात्र एक फास आहे. पासाचा दिवस रात्री बारा ते रात्री बारा. ९ तारखेला रात्री दहाला मुंबई सेंट्रलहून निघालात आणि पास १० तारखेपासूनचा असेल, तर पहिल्या दोन तासांचं तिकीट काढावं लागतं. शेवटच्या दिवशी उलट: रत्नागिरीहून रात्री आठची गाडी पकडली, तर बारा वाजता गाडी जिथे असेल तिथून पुढचं तिकीट वेगळं. ४ दिवसांच्या पासात पूर्ण वसूल होणाऱ्या रात्री तीनच. म्हणून पहिल्या दिवशी पहाटेची गाडी धरावी आणि शेवटच्या दिवशी दिवसाउजेडी परतावं.

पास म्हणजे जागेची हमी नव्हे, हे खिडकीवर कोणी सांगत नाही आणि मे महिन्यात पनवेलला उभं राहिल्यावर कळतं. गाड्या मुंबई सेंट्रल, परळ, बोरिवलीहून भरून येतात. पनवेलला चढणाऱ्याला कधी पायरीपाशी, कधी इंजिनाच्या बाजूला उभं राहावं लागतं. पास असला तरी आरक्षण आकार भरून जागा धरून ठेवा. लहान मूल बरोबर असेल तर चढायचं आगार गाडी सुटते तेच निवडा, लोकलचा अर्धा तास जास्त गेला तरी चालेल. मुंबई-गोवा रस्त्यावर इंदापूर-माणगावच्या पट्ट्यात शनिवारी गाडी कधी निघेल याचा भरवसा नाही, म्हणून पुढची जोडगाडी लगेचची धरू नका. महाडहून पाचाडची किंवा चिपळूणहून गुहागरची गाडी गाठायची असेल तर मध्ये दोन तास मोकळे ठेवा.

पास अहस्तांतरणीय आहे. एकाचा दुसऱ्याने वापरायचा नाही, ओळखपत्र जवळ हवं. हरवला तर दुसरा मिळत नाही. पाकिटात सुटा ठेवू नका. शर्टाच्या खिशात ठेवला तर घामाने शाई पसरते. प्लास्टिकच्या पाकिटात, आणि त्याआधी मोबाइलवर फोटो. फोटो दाखवून प्रवास होत नाही, पण पास क्रमांक हाताशी राहतो.

सामान: प्रौढाला ३० किलो, मुलाला १५ किलो. जाताना हे भरपूर वाटतं. परत येताना बघा. पाच डझन हापूस म्हणजे फळाचंच १५ किलोच्या आसपास वजन, वर पेटी. त्यात कोकम, कुळथाचं पीठ, फणसपोळी आणि "एवढं तरी ने" म्हणून आलेले नारळ. डिकीत ठेवताना पेटी आडवी पडू देऊ नका, खालच्या थराचा आमरस होतो. ट्रेकची सॅक डिकीत घालायची असेल तर खताच्या रिकाम्या गोणीत भरून तोंड बांधा. मागच्या चाकांची धूळ झिपेत शिरली की झिप दाणेदार होते आणि ऐन चढावर उघडत नाही. गॅसचा छोटा डबा किंवा स्टोव्हचं रॉकेल गाडीत चालत नाही. उतरल्यावर तालुक्याच्या गावात चुलीची सोय बघा.

आता ट्रेक. लांब पल्ल्याच्या डोंगरवाटेला स्वतःच्या गाडीपेक्षा एसटी बरी, कारण वाट एका गावात सुरू होते आणि दुसऱ्याच गावात संपते. रतनगड ते हरिश्चंद्रगड घ्या: रतनवाडीहून वर, कात्राबाईच्या खिंडीतून पाचनईकडे, हरिश्चंद्रगडावर मुक्काम, मग टोलारखिंडीतून खिरेश्वरला उतरायचं. तीन दिवसांची, सवयीच्या मुलांना झेपेल अशी वाट. हरिश्चंद्रगडाच्या अवघड नळीच्या वाटेचं नाव घरच्या मंडळींसमोर काढू नये. गाडी रतनवाडीत ठेवली तर ती आणायला अख्खा डोंगर पुन्हा फिरून जायचं. एसटीने कसाऱ्याहून किंवा घोटीहून भंडारदऱ्याजवळच्या शेंडीपर्यंत, पुढे रतनवाडीला दिवसातून मोजक्या गाड्या, नाहीतर जीप. उतरल्यावर खिरेश्वरहून धरणाच्या भिंतीवरून पाच-सहा किलोमीटर चालत खुबी फाट्याला यायचं आणि माळशेज घाटातून कल्याणला जाणारी गाडी पकडायची.

पण इथेही पास बसत नाही. जाता-येता मिळून एसटीचा प्रवास साधारण दीडशे किलोमीटर, म्हणजे २५० रुपयांच्या आसपास. तीन दिवस डोंगरात चालताना पास खिशात नुसता घामेजतो. ट्रेकसाठी सुटं तिकीट, यात वाद नाही.

वेळापत्रकाचं मात्र मनावर घ्या. ट्रेकच्या पायथ्याच्या गावांत जाणाऱ्या पुष्कळ फेऱ्या शाळेच्या मुलांसाठी असतात. मे महिन्यात शाळा बंद, की त्या फेऱ्याही बंद. फेब्रुवारीत कोणी टिपून ठेवलेली वेळ मे महिन्यात कामाची नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या आगाराच्या चौकशी खिडकीवर फोन करा आणि 'गाडी आहे का' असं मोघम न विचारता 'सुट्टीत चालू आहे का' असं विचारा. मुक्कामी गाडी सगळ्यात भरवशाची: ती रात्री गावात थांबते आणि पहाटे तिथूनच सुटते. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपलेले असतात, वेळ चुकायचं कारण नसतं. वाटेची अखेर अशा गावात ठेवली तर परतीची काळजी निम्मी होते.

खुबी फाट्यावर रविवारी दुपारी आळेफाट्याकडून येणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. गडावरून पहाटे पाचला उतरायला लागलं तर मुलांनाही दहापर्यंत फाट्यावर पोचता येतं. मे महिन्यात तसंही साडेदहानंतर चालणं नकोच. माणशी चार लिटर पाणी घेऊन निघायचं, वरच्या टाक्यांच्या भरवशावर राहायचं नाही. दुपारी तीनला फाट्यावर उभे राहिलात तर सावली नाही आणि गाडी थांबेलच असंही नाही.

बायकांच्या अर्ध्या तिकिटाची एक मर्यादा लक्षात ठेवा: सवलत राज्याच्या हद्दीपुरती. माहेर बेळगावला किंवा सासर पणजीला असेल तर हद्दीपलीकडच्या टप्प्यांचं पूर्ण भाडं पडतं. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावं. वयाचा पुरावा दाखवता आला नाही तर कंडक्टरचा नाइलाज होतो आणि मागच्या रांगेसकट सगळ्यांना त्या वादाचा लाभ मिळतो.

गुण द्यायचे तर एकट्या फिरस्त्या पुरुषाला पाचपैकी चार, विखुरलेले नातेवाईक असलेल्या घरातल्या बाबांना तीन, मुक्कामी राहणाऱ्या कुटुंबाला एक. आईला शून्य, पण ते तिच्या फायद्याचं.